सैन्य नाही, पैसा नाही, तरी ऐकायला लावणारे देश

धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत यूपीएससी करणाऱ्या मुलामुलींशी बोलायला मी अधूनमधून जात असते, तिथल्या एका मुलीने प्रश्न पाठवलाय. मॅडम, सॉफ्ट पॉवर, म्हणजे बळजबरी न करता दुसऱ्याला आपल्याकडे वळवण्याची ताकद, वगैरे अमेरिका, जपान, भारत यांना शोभतं, पण ज्या देशांची लोकसंख्या आपल्या नागपूरच्या दोन-तीन झोनएवढी, ज्यांच्याकडे धड सैन्य नाही की पैसा नाही, त्यांच्या पदरात याने खरंच काही पडतं का, की शेवटी मोठे म्हणतील तेच होतं? आणि परीक्षेत भूतानचा आनंद आणि कतारचा वर्ल्ड कप सोडून दुसरं काय लिहायचं? जाताजाता हेही विचारलंय की नेपाळने काय करायला पाहिजे.

परराष्ट्र सेवेतली माझी बरीच वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या कामात गेली, ठरावांचे मसुदे, कमिट्या, रात्री उशिरापर्यंत एका शब्दावरून चाललेली ओढाताण, हेच माझं काम होतं. त्यामुळे मी जे सांगतेय ते तिथे बसून पाहिलेल्या गोष्टींवरून सांगतेय, आणि माझं उत्तर आहे की हो, पडतं, आणि भरपूर पडतं, पण बहुतेक लोकांना वाटतं त्या रस्त्याने नाही. लोगो, पर्यटनाच्या जाहिराती, सांस्कृतिक महोत्सव, राजदूताच्या घरची मेजवानी, याने नाव होतं, काम होत नाही. ज्या छोट्या देशांनी खरंच काही मिळवलं त्यांनी एकच विषय पकडला, वीस-तीस वर्षं तो सोडला नाही, आणि त्या विषयात बाकीच्यांचं आपल्यावाचून अडेल अशी पत कमावली.

आधी थोडं गणित. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३. सिंगापूरने १९९२ मध्ये छोट्या देशांचा एक गट सुरू केला, फोरम ऑफ स्मॉल स्टेट्स, साधारण एक कोटीपर्यंत लोकसंख्येचे देश त्यात येतात, आज त्यात १०८ देश आहेत. म्हणजे महासभेत निम्म्याहून जास्त मतं यांचीच आहेत बरं का. सुरक्षा परिषदेत पाच जणांचा व्हेटो चालतो हे खरंच आहे, पण महासभेत वानुआतूचं मत आणि अमेरिकेचं मत एकच. आता नुसतं मत असून भागत नाही, कारण मत विकताही येतं. काही देश तेच करतात, आज तैवानला मान्यता, उद्या चीनला, जो जास्त मदत देईल तो आपला. नाऊरूने तर हे एकापेक्षा जास्त वेळा केलंय, शेवटचं जानेवारी २०२४ मध्ये. हा सौदा झाला, याला सॉफ्ट पॉवर म्हणू नको, कारण सौदा संपला की दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही.

आता प्रत्यक्षात काम कसं चालतं ते बघ, कारण पुस्तकात नेमकं हेच नसतं. छोट्या देशाचं न्यूयॉर्कमधलं ऑफिस म्हणजे चार-पाच माणसं, कधी कधी तर राजदूत धरून तीनच. महासभेच्या सहा मुख्य कमिट्या एकाच वेळी चालू असतात, शिवाय बाहेर शंभर बैठका, सगळीकडे जाणं शक्यच नाही. मग शहाणा देश काय करतो, बाकी सगळं सोडून देतो आणि एका खोलीत जाऊन बसतो. मोठ्या देशांचे अधिकारी तीन वर्षांनी बदलतात, नवा आला की त्याला फाईल समजायलाच सहा महिने लागतात. पण छोट्या देशाचा एखादा माणूस तोच विषय दहा-दहा वर्षं बघत असतो, कोणत्या परिच्छेदातला कोणता शब्द कोणत्या वर्षी कोणाच्या हट्टाने आला हे त्याला तोंडपाठ असतं. चर्चा अडली की सगळे त्याच्याकडेच बघतात. आणि दोन मोठे भांडत असले की अध्यक्षपद कोणाला द्यायचं, तर ज्याची कोणालाच भीती वाटत नाही अशाला. एकदा का अध्यक्षाची खुर्ची आली की मसुदा तुझ्या हातात, पुढच्या बैठकीत आधी काय घ्यायचं ते तुझ्या हातात. ही ताकद बाहेरून दिसत नाही, पण जो खोलीत बसलेला असतो त्याला पक्की माहीत असते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे समुद्राचा कायदा, मुलं हे लिहीत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झाला, भूमध्य समुद्रातलं इवलंसं बेट. १ नोव्हेंबर १९६७ ला त्यांचे राजदूत आर्विड पार्दो महासभेच्या पहिल्या कमिटीत उभे राहिले आणि सकाळ-दुपार मिळून लांबलचक भाषण केलं. मुद्दा असा की खोल समुद्राचा तळ, जो कोणत्याच देशाच्या हद्दीत येत नाही, तो कोणाचा? तंत्रज्ञान आलं की ज्याच्याकडे पैसा तो तिथली खनिजं उपसून नेईल, म्हणून आत्ताच ठरवा की हा तळ सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहे. त्या भाषणात खनिजं किती आहेत, कुठे आहेत, अणुशस्त्रं तळावर ठेवली तर काय होईल, इथपर्यंत सगळी तयारी होती, नुसती भावना नव्हती. पुढे समिती बसली, १९७० मध्ये महासभेने हे तत्त्व जाहीर केलं, आणि १९७३ पासून जी परिषद सुरू झाली ती नऊ वर्षं चालली. तिचे अध्यक्ष कोण, तर श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे. १९८० मध्ये ते वारले, मग अध्यक्ष झाले सिंगापूरचे टॉमी कोह. १९८२ मध्ये करारावर सह्या कुठे झाल्या, जमैकात, माँटेगो बे इथे. सगळ्यात आधी मंजुरी कोणी दिली, फिजीने. आणि समुद्रतळाचं प्राधिकरण आजही जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्येच आहे.

म्हणजे जगातल्या समुद्राच्या निम्म्याच्या आसपास तळाला लागू होणारा नियम, आणि त्याची कल्पना, खुर्ची, सह्यांची जागा, ऑफिस, सगळीकडे छोटे देश. आपल्याला याचं काय? मध्य हिंदी महासागरात तळावरचे मँगनीजचे गोळे शोधण्यासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, तो आपल्याला या किंग्स्टनच्या प्राधिकरणाशी करार करूनच मिळालाय. एवढा मोठा भारत, पण माल्टाने मांडलेल्या तत्त्वाखाली अर्ज करतो. हे वाक्य उत्तरात लिहिलंस ना, तर तपासणारा थांबेल. अर्थात अमेरिकेने १९८२ च्या त्या समुद्राच्या करारावर अजून मंजुरीची मोहर उठवलेली नाही हेही लिही, कारण ते सोडून दिलं तर चित्र अर्धवट राहतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे आणि मला ते जास्त जवळचं वाटतं कारण त्यात तुझ्या वयाची मुलं आहेत. वानुआतू, पॅसिफिकमधली बेटं, लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची २४ लाख होती, यावरून अंदाज घे. २०१९ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या कायद्याच्या वर्गातल्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी नेमकी काय, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर न्यायचा. मुलांनी पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रं लिहिली, वानुआतू सरकारने ते उचलून धरलं. पण कोर्टाकडे मत मागायचं तर महासभेचा ठराव लागतो. तशी ही कल्पना नवी नव्हती, पलाऊने २०११ मध्ये हेच बोलून दाखवलं होतं, ते पुढे सरकलंच नाही. मग वानुआतूला कसं जमलं?

त्यांनी एकट्याने झेंडा मिरवला नाही म्हणून जमलं. १८ देशांचा गट उभा केला, आणि त्यात नुसती बुडणारी बेटं नव्हती, त्यात बांगलादेश, व्हिएतनाम, मोरोक्को, कोस्टा रिका, सिएरा लिओन आणि अगदी जर्मनीसुद्धा. जवळपास प्रत्येक खंडातला कोणीतरी, म्हणजे कुठल्याही मोठ्या देशाला 'हे काय बेटवाल्यांचं रडगाणं' असं म्हणून झटकता येऊ नये. मग मसुद्यातला एकेक शब्द. असा मसुदा कसा बनतो सांगते, प्रश्न फार टोकदार केला की मोठे देश मतदान मागतात आणि विरोधात जातात, फार बोथट केला की कोर्ट सांगण्यासारखं काही सांगतच नाही, त्यामुळे दोन्हीच्या मधली वाट काढेपर्यंत महिनोन् महिने जातात, कॉफीच्या टेबलावर, कॉरिडॉरमध्ये, एकेका देशाला गाठून. शेवटी २९ मार्च २०२३ ला ठराव आला तेव्हा १३२ देश सहप्रायोजक होते आणि मतदान न होताच तो संमत झाला. १३२ नावं ज्या कागदावर आहेत त्याला उघडपणे विरोध करायला मोठ्यांनाही जड जातं. डिसेंबर २०२४ मध्ये हेगमध्ये सुनावणी झाली, भारतानेही तिथे आपली बाजू मांडली, आणि २३ जुलै २०२५ ला कोर्टाने एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर भरपाईपर्यंत परिणाम होऊ शकतात. सल्लागार मत आहे, बंधनकारक नाही, हे मान्य. पण जगभरातले वकील आता ते मत हातात घेऊन आपापल्या देशातल्या कोर्टात उभे राहू शकतात.

इथे चिकाटी किती लागते ते बघायचंय? याच वानुआतूने १९९१ मध्ये बेटवाल्या देशांच्या वतीने प्रस्ताव दिला होता की समुद्र वाढल्याने जे नुकसान होईल त्यासाठी फंड पाहिजे. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. फंडाचा निर्णय झाला २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. मध्ये ३१ वर्षं गेली. त्या फंडात पैसा अजून गरजेच्या मानाने फारच कमी आहे, याचा मला संताप येतो, पण प्रस्ताव जिवंत कोणी ठेवला तर याच देशांनी.

आता भूतान. मुलं भूतानवर पानभर लिहितात, म्हणून थोडं परखड बोलते. सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना त्यांनी जगाला दिली, २०११ मध्ये महासभेने त्यांच्या पुढाकाराने आनंदावरचा ठराव केला, २०१२ मध्ये २० मार्च हा जागतिक आनंद दिन ठरला, ६० टक्के जमिनीवर जंगल राहिलंच पाहिजे हे त्यांच्या राज्यघटनेत आहे. हे सगळं छान. पण त्याच २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये भूतान सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी उभा राहिला आणि मतं पडली २०. जगभर कौतुक, आणि मतं वीस. का? कारण त्यांचे दूतावास मोजक्याच राजधान्यांत, पाचही कायम सदस्यांशी राजनैतिक संबंध नाहीत, आणि मत मागायला माणसंच नाहीत. याउलट २०१९ मध्ये कॅरिबियनमधला सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनाडीन्स, लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्या कामठीपेक्षा जराशी जास्त, तो १८५ मतं घेऊन सुरक्षा परिषदेवर गेला, आजवरचा सगळ्यात छोटा सदस्य. कॅरिबियन देश गटाने चालतात, एकमेकांसाठी मतं मागतात, आलटूनपालटून उभे राहतात. कौतुकाचं मतात रूपांतर करायला अशी यंत्रणा लागते, ती नसली तर कौतुक हवेत विरतं. शिवाय भूतानमधून १९९० च्या दशकात नेपाळी बोलणाऱ्या सुमारे एक लाख लोकांना बाहेर पडावं लागलं, तेही आनंदाच्या गोष्टीसोबत सांगितलंच पाहिजे.

कतारचं वेगळं आहे. अल जझीरा ही त्यांची वृत्तवाहिनी १९९६ ची, अमेरिका-तालिबान करार दोह्यात २९ फेब्रुवारी २०२० ला, वर्ल्ड कप २०२२ मध्ये. यातून वजन आलं यात शंका नाही, आणि किती आलं याचा पुरावा म्हणजे २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहरीन, इजिप्त यांनी नाकेबंदी केली तेव्हाच्या १३ मागण्यांत एक मागणी अल जझीरा बंद करा अशी होती. पण गॅसचा पैसा आणि अल उदैदचा अमेरिकन लष्करी तळ बाजूला काढून कतारचं उदाहरण देऊ नको, ते अप्रामाणिक होईल. आणि वर्ल्ड कपने स्टेडियम जसं दाखवलं तसं ते बांधणाऱ्या मजुरांचे हालही जगाला दाखवले, त्यात आपलेही लोक होते. २०२० मध्ये त्यांना कामगार कायदे बदलावे लागले त्यात या दबावाचा मोठा वाटा होता. प्रकाशात यायचं तर घरातलं सगळंच दिसतं.

आपल्या नागपुरातलंच एक सांगते. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांचा आहे, भदंत आनंद कौसल्यायन यांनी तो लावला. १९५० मध्ये कोलंबोत जागतिक बौद्ध परिषद झाली तिला बाबासाहेब स्वतः गेले होते, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे बौद्ध जगाला एकत्र बांधण्याचं काम श्रीलंकेने स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत हाती घेतलं होतं, आणि त्याचा धागा थेट आपल्या शहरापर्यंत आला. पुढे १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वैशाख पौर्णिमेला मान्यता दिली तीही श्रीलंकेच्याच पुढाकाराने. इतकी जुनी पुण्याई, आणि तरी २००९ मध्ये यादवी संपताना तमिळ नागरिकांचं जे झालं त्यावरून जिनेव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत ठराव आले तेव्हा २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेच्या विरोधात मत दिलं. धर्माचं नातं होतं, शेजार होता, तरी दिलं. घरात जे करता ते बाहेरच्या प्रतिमेला पुरून उरतं, यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

मालदीवचंही तसंच, फक्त वेगाने. १९८७ पासून ते समुद्राच्या पातळीबद्दल बोलून राहिले, २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली, तो फोटो आजही सगळ्यांना आठवतो. आणि जानेवारी २०२४ मध्ये तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल सोशल मीडियावर वाट्टेल ते लिहिलं. त्यांना निलंबित केलं, पण २०२३ मध्ये तिथे सगळ्यात जास्त पर्यटक भारताचे होते, दोन लाखांच्या वर, ते २०२४ मध्ये दीड लाखाच्याही खाली आले. नागपुरातल्या ट्रॅव्हल एजंटांना विचार, बुकिंगचं काय झालं ते सांगतील.

मर्यादाही नीट समजून घे. क्युबाने १९६३ पासून जगभर डॉक्टर पाठवले, २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी पश्चिम आफ्रिकेत, २०२० मध्ये कोविडमध्ये इटलीच्या लोम्बार्डीत. त्या डॉक्टरांच्या पगारातला मोठा हिस्सा सरकार घेतं ही टीकाही खरी आहे. १९९२ पासून महासभेत अमेरिकेच्या निर्बंधांविरुद्ध ठराव येतो, २०२३ मध्ये १८७ विरुद्ध २ असा संमत झाला. पण निर्बंध आहेत तिथेच आहेत. साऱ्या जगाची सहानुभूती मिळाली तरी ज्याच्या हातात कुलूप आहे त्याला ते उघडायला लावता येत नाही. तसंच व्यापाराचं. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरूड-मोर्शीच्या बागाइतदारांचं कंबरडं मोडलं, तिथे भाषा, संगीत, १९७१ ची आठवण काही कामी आली नाही. पैशाचे हिशेब पैशानेच सुटतात.

म्हणून उत्तर लिहिताना कुठल्याही छोट्या देशाबद्दल आधी स्वतःला विचार की त्याने कोणता नियम बनवला, कोणाचं मत वळवलं, कोणाच्या कामी आला. नुसतं 'प्रतिमा उंचावली' लिहून सोडू नको, प्रतिमा उंचावून पुढे काय झालं ते लिही.

राहिला नेपाळ. त्यांच्याकडे लुंबिनी आहे, पण तिच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शांतिसेनेत सगळ्यात जास्त सैनिक पाठवणाऱ्या देशांत नेपाळ आहे, ती पत आफ्रिकेपासून लेबनॉनपर्यंत कमावलेली आहे. आणि विषयही आहे, हिमालयातलं वितळणारं बर्फ. समुद्रकाठच्या देशांनी समुद्र धरला तसा डोंगर धरणारे फारसे कोणी नाहीत, जागा बरीच मोकळी आहे. पर्वतांवर संशोधन करणारी इसिमोड ही संस्था १९८३ पासून काठमांडूच्या खोऱ्यातच आहे, आठ देश तिचे सदस्य, भारत आणि चीन दोघंही. मे २०२५ मध्ये सागरमाथा संवाद नावाची परिषदही त्यांनी घेतली. पण २००८ पासून एकाही सरकारने मुदत पूर्ण केली नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये तर तरुणांच्या आंदोलनाने ओली सरकार गेलं, आणि सरकार बदललं की आधीच्यांनी नेमलेले राजदूत परत बोलवायचे ही तिथली जुनी रीत. मला विचारशील तर नेपाळने बाकी काही करण्याआधी न्यूयॉर्क आणि जिनेव्हातले दोन-तीन चांगले अधिकारी पर्वतांच्या विषयावर बसवावेत आणि सरकार कोणाचंही येवो, दहा वर्षं त्यांना हलवू नये.